सगळ्यांनी साखरच सांभाळली

फोन आला तेव्हा मी शहरात, राजपुऱ्यातल्या आमच्या घरी कपडे वाळत घालत होते. पलीकडे संदीप, नानाचा मुलगा, माझा भाचा. "आत्या, नाना जेवता जेवता आडवे झाले... डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं." हातातला ओला टॉवेल तसाच घेऊन मी रिक्षात बसले आणि नानाचं गाव, बहादरपूर, येईपर्यंत देवापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. आता महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, ताई, शांत व्हा, त्यांची वेळ आली होती. कसली वेळ? वेळबिळ काही आली नव्हती. ऑपरेशन छान झालं होतं त्याचं!

नाना माझा थोरला भाऊ. लोक त्याला अहो-जाहो करायचे, मी जन्मभर अरे-तुरेच केलं. केळीची बाग, मोठा आवाज आणि जुना डायबिटीस. त्या घरात शुगर म्हणजे कायमचा मुक्कामी पाहुणा. चहा बिनसाखरेचा, भात मोजका, आणि लग्नात कुणी लाडूचा आग्रह केला की चारी बाजूंनी घरचे ओरडणार, "शुगर!" शहरात मावा जिलेबीच्या दुकानावरून जाताना नाना मान फिरवायचा. म्हणायचा, "तिकडं पाहू नको वं, ती मले नावानं हाक मारते." हसायचा, पण खायचा नाही. पथ्याला इतका पक्का माणूस मी दुसरा पाहिला नाही, म्हणूनच तर डोकं फिरतं माझं.

छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि इंदूरला बायपास ठरली. सर्जन भला माणूस होता. आदल्या दिवशी त्यानं समजावलं, की डायबिटीसवाल्याचं ऑपरेशन म्हणजे साखर एकदम उसळते, ती इन्सुलिननं खाली आणावी लागते, आणि तिच्याबरोबर रक्तातले क्षारही खालीवर होतात, म्हणून आम्ही सारखं रक्त तपासत राहतो. नाना लगेच म्हणाला, "साहेब, मले झोपवून जिलेबी तं नाही ना चारत तुम्ही?" सगळे हसले. ऑपरेशन संपल्यावर सर्जन बाहेर आला तो घामाघूम होता. साखर फार चढली होती, क्षारांनीही दमवलं, पण आलं आटोक्यात, म्हणाला. किडन्या तेवढ्या थकल्यात, हळूहळू सुधारतील.

दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी मी खाली औषधं घेत होते. वर एका तरुण डॉक्टरनं दारातच, दुसऱ्या पेशंटकडे निघता निघता संदीपला सांगितलं, "शुगर कंट्रोल में रखना, पोटैशियम वाली चीज़ें अभी बंद, और खून की जाँच कराते रहना." संदीप म्हणाला, जी सर. झालं! ज्या घरानं इतकी वर्षं फक्त शुगर ऐकली, त्या घराच्या कानात शुगरच राहिली. जाँच म्हणजे शुगरची जाँच. ती केली, चांगली आली, सगळे खूश.

आमच्याकडे आजारी माणसाला पाहायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. ज्याच्या बागेत जे असेल ते आणायचं, आणि बहादरपुरात बाग म्हणजे केळी. पण नानाला पिकलेलं चालत नाही हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक. म्हणून सगळ्यांनी शहाणपणा केला, कच्ची आणली! फण्यांच्या फण्या. वहिनी रोज कच्च्या केळ्याची भाजी करायची, कधी नुसती उकडून द्यायची, वर शहाळ्याचं पाणी. "बघा ताई, साखरेचा कण नाही यात," किती अभिमानानं सांगायची बिचारी. नानाही ताट पुढं ओढून म्हणायचा, "काहून पाहते अशी? गोड नाही हे." मग त्याचे पाय गळायला लागले, उठवेना. कमजोरी आहे म्हणाले... आणि आणखी एक शहाळं फोडलं.

तेरावं झाल्यावर मी इंदूरला गेले. सर्जननं शांतपणे विचारलं, घरी काय खात होते? मी सांगितलं. तो मग म्हणाला, "ताई, ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवायला आम्ही पोटॅशियमच देतो. किडनी थकलेली असली की ते अंगातून बाहेर पडत नाही, साठत जातं. केळ्यात, शहाळ्यात तेच भरपूर असतं."

"कच्च्यातसुद्धा?"

"कच्च्यातसुद्धा. आमच्याकडून सांगितलं होतं घरच्यांना."

माझा तोल गेला. म्हटलं, "सांगितलं म्हणजे काय हो? दारात उभं राहून एक शब्द फेकला, याला सांगणं म्हणतात? समोरचा माणूस काय पिकवतो, हे विचारलं कुणी त्याला? साखर एवढी बसवून समजावलीत, मग हे का नाही?" तो खाली मान घालून बसला. त्यानं माझा राग तसूभरही कमी झाला नाही.

घरी येऊन सांगितलं तर वहिनीनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. "म्हणजे... माझ्याच हातानं?" तिला मी कडाडून गप्प केलं. "तुझ्या हातानं काही झालं नाही वहिनी. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी धड तोंड उघडलं नाही!" तेवढ्यात संदीप हळूच म्हणाला, "आत्या, पोटॅशियम म्हणजे... आपला पोटॅश?"

तोच. मळ्यातल्या खोलीत त्या खताचं अर्धं पोतं अजून तसंच आहे, नानानं तोंड बांधलेलं. शेजारी खिळ्याला पत्र्याचा छोटा डबा. झाडागणिक तेवढाच पोटॅश घालायचा, आणि मजुराचा हात सैल सुटला की नाना बांधावरून ओरडायचा, "बस कर रे! जास्त झाला तं झाड मरते!" संदीप विचारत होता, डबा काढून ठेवू का? मी म्हटलं, खबरदार हात लावशील तर. अरे, त्या माणसाला कुणीतरी नुसतं एवढं सांगायला हवं होतं, की नाना, तुझ्या अंगात पोटॅश जास्त झालाय. त्यानं स्वतःच ताट दूर सरकवलं असतं.