आत्याच्या पाठीवरची हळद

मुलगी घरी आणण्याआधी आम्हा नवरा-बायकोला प्रशिक्षण घ्यावं लागलं. आमच्या हिंदी मुलखातल्या राज्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते. कचेऱ्यांतून फाइलींचे गठ्ठे बांधून नव्या राज्याकडे चालले होते, पाठोपाठ माणसंही. दत्तकाचे सरकारी नियम नक्की काय, हे त्या गडबडीत कुणालाच धड सांगता येईना. पण आमच्या संस्थेचा स्वतःचा नियम पक्का होता: विशेष गरजा असलेलं मूल हवं असेल तर आधी शिकायचं, आणि घरात वावरणाऱ्या प्रत्येकानं शिकायचं.

मुलगी चार वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आमच्याआधी ती एका घरी काही महिने राहून आली होती. त्या लोकांनी तिला परत केलं. कारण म्हणून कागदावर एकच ओळ होती: ‘समायोजन नहीं हुआ.’

दर रविवारी आम्ही हरिशंकरपुरमच्या आमच्या घरून संस्थेत जात असू. शिकवणाऱ्या मॅडम हिंदीभाषी, काटेकोर. मला असली माणसं आवडतात. मी सगळं क्रमवार लिहून घ्यायची. मुलीला मागून हात लावायचा नाही. बोलवायचं तर दिवा चालू-बंद करायचा, किंवा तिला जाणवेल असा जमिनीवर पाय आपटायचा. तिच्यासमोर बॅग भरायची नाही. सुरुवातीला घरात गर्दी जमवायची नाही. एकदा कानात कापूस कोंबून अख्खी सकाळ घरात काढायची होती. मी दूध उतू घालवलं आणि घाबरले. ह्यांनी पेपर वाचला आणि मॅडमना सांगितलं, “कुछ खास फर्क नहीं पड़ा.” मॅडमनी त्यांना तो धडा पुन्हा करायला लावला.

राहिल्या माझ्या नणंदबाई. त्या शहरातच, थाटीपूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहत, पण दिवसाआड आमच्याकडे असत.

“माझी मुलं काय ट्रेनिंग घेऊन वाढवली मी?”

“वन्सं, संस्थेचा नियम आहे.”

“नियम आई-बापांना. मी आत्या आहे.”

शेवटी त्या वेगळ्या घरी राहतात म्हणून मॅडमनी चालवून घेतलं आणि त्यांना न घेताच प्रशिक्षण संपलं. मुलगी घरी आली, पण अजून आमची झालेली नव्हती. आधी काही महिने सांभाळायची, मॅडम मधूनमधून येऊन पाहणार, त्यांचा अहवाल चांगला गेला तर कोर्टाचा हुकूम. नाहीतर मुलगी पुन्हा संस्थेत. एकदा परत गेलेली मुलगी दुसऱ्यांदा परत गेली तर तिचं काय होतं, हे मॅडमनी आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

वन्संनी बारशाचा हट्ट धरला. “आत्यानं कानात नाव सांगितल्याशिवाय मूल घरचं होत नाही.”

“तिला ऐकू येत नाही, वन्सं.”

“तान्ह्या बाळाला तरी काय कळतं?”

मी गर्दी नको एवढंच म्हटलं. चार घरच्या बायका बोलवायचं ठरलं. वन्संनी सराफ्यातून चांदीचे घुंगरांचे वाळे आणले. “तिला नसेल ऐकू येत, आपल्याला येतं ना? कुठं पळतेय ते कळेल,” त्या म्हणाल्या, आणि ते खरंच सोयीचं होतं.

पाळण्यात मावेल अशी ती नव्हती, म्हणून पाटावर बसवली. नवा फ्रॉक, कपाळावर कुंकू. ती शांतपणे सगळ्यांची तोंडं बघत होती. वन्सं तिच्यावर वाकल्या, तिच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं, नाव सांगितलं. आणि रीत आहे त्याप्रमाणे मागच्या बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. हसत, ओरडत. एकजण म्हणत होती, “जोरात घाला, आत्या तगडी आहे.”

हे सगळं ऐकू येणाऱ्यांसाठी होतं. मुलीला दिसलं ते एवढंच, की एक बाई आपल्यावर वाकली आहे आणि बाकीच्या तिला मारताहेत.

ती रडली नाही. बायका थांबेपर्यंत दगडासारखी बसून राहिली. मग उठली, वन्संचा पदर धरून त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी मागोमाग गेले. तिनं मिसळणाचा डबा उघडला, वाटीत हळद घेतली, तेलाच्या बरणीकडे बोट दाखवलं. मी तेल ओतलं. तिनं ते बोटानं कालवलं. वन्संना खाली बसवून, त्यांचा पदर बाजूला करून ब्लाउजच्या वरच्या उघड्या पाठीवर ती हळद लावू लागली. हलक्या हातानं, सवयीच्या हातानं. वन्सं म्हणाल्या, “अगं, हे काय?” तशी तिनं दुसरा हात पुढे नेऊन त्यांच्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला.

दारातून कुणीतरी म्हणालं, “बघा, आत्याचा कसा लळा लागलाय.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते बायकांच्या मागे उभे होते. त्यांनाही कळलं होतं.

बायका गेल्यावर वन्सं तशाच बसून होत्या, पाठ न पुसता. “त्या घरात कुणीतरी मार खात होतं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या मॅडमला यातलं काही सांगू नका. गर्दी जमवली म्हणून नेतील पोरीला.”

“सांगावं लागेल. नियम आहे.”

“तुझा नियम घाल चुलीत.”

“वन्सं, आज तिनं आपल्याला काहीतरी सांगितलं. ते आपणच दाबायचं?”

मॅडम आल्या तेव्हा मात्र माझ्याआधी त्याच बोलल्या, सगळं, आपल्या हिंदीत. मॅडमनी लिहून घेतलं. अहवाल लांबला. वन्संना रविवारी वर्गाला बसावं लागलं, आणि त्या कानात कापूस घालून मुकाट्यानं बसल्या.

मी मॅडमना एकच विचारलं, त्या घरात मार खाणारी ती बाई कोण? त्या म्हणाल्या, ते कुटुंब ज्या गावचं, ते गाव आता दुसऱ्या राज्यात गेलं; फाइलही गेली. त्यांनी तिकडे पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

तेव्हापासून ती बाई आमच्या घरात आहे. मी आंघोळ करून आले की मुलगी माझ्या मागे येऊन पाठ बघायची. काही नाही ना, एवढं बघून खेळायला जायची. तेवढा वेळ मी हालत नसे. वाटायचं, हिचे डोळे माझ्या पाठीवर दुसऱ्याच कुणाला शोधताहेत. आणि त्या कागदावरच्या ओळीचा मला निराळाच अर्थ लागू लागला. कदाचित तिला परत केलं नव्हतं. कदाचित त्या बाईनंच तिला तिथून बाहेर काढलं होतं, आणि स्वतः मागे राहिली होती.

हुकूम झाला त्या दिवशी वन्संनी पुरण घातलं. पानं मांडताना एक पान जास्त मांडलं.

“कोण येणार आहे?” ह्यांनी विचारलं.

“सवाष्ण,” वन्सं म्हणाल्या. “असेल तिथे जेवो बिचारी.”

आम्ही जेवायला बसलो. मुलीनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, वाढलेल्या पानाकडे पाहिलं. ती उठली, दारापाशी गेली, स्टूल ओढून कडी काढली आणि रस्त्यावर बराच वेळ बघत राहिली. मग परत येऊन जेवू लागली. दार तिनं उघडंच ठेवलं होतं. माघाची थंडी होती. जेवणं होईपर्यंत ते लावायला कुणी उठलं नाही.