देशाचे पारखी

पेटीचं झाकण उघडलं की हे गृहस्थ आधी मण्यांकडे बघतच नसत. मण्यांच्या लडींभोवती गुंडाळलेलं परदेशी वर्तमानपत्र मांडीवर पसरायचं, तळहातानं सुरकुत्या काढायच्या आणि निकाल द्यायचा, "देश पक्का हाय."

नवी पेठेत ते काचेच्या मालाचे दलाल होते. मंगळसूत्राचे काळे मणी तेव्हा चेकोस्लोवाकियातून येत. हे नाव त्यांना कधी पुरतं उच्चारता आलं नाही. ते आपले 'चेकू' म्हणत. तिथली भाषा सोडाच, मराठीही ते अडखळत वाचत. पण चित्रं होती ना! मंत्री जाड दिसले की देशात खायला भरपूर. दोन पुढारी हात मिळवताना दिसले की भांडणं मिटली. असले पंडित तुम्हीही पाहिले असतील. आमच्या पेठेचं दुर्दैव असं, की यांचं दोनदा खरं ठरलं होतं.

जर्मनीनं त्या देशावर डोळा ठेवला, त्या वर्षीची गोष्ट. शेवंतामावशी या विधवा बाईंचं मण्यांचं लहानसं दुकान होतं आणि घर त्यावरच चाले. पुढच्या लग्नसराईचा माल चेकूचा मागवावा की जपानी, असं त्यांनी मला विचारलं. मी शाळामास्तर, इंग्रजी पेपर वाचणारा. म्हटलं, जपानी घ्या, तिकडे लढाईची चिन्हं आहेत. मावशींनी ऐकून घेतलं आणि यांना बोलावलं.

यांनी नव्या पेटीतला कागद पसरला. लोखंडी टोप घातलेले जवान रांगेनं चालले होते, बायका त्यांना फुलं देत होत्या.

"वरात हाय ही, मावशी. लग्नं लई जोरात हायती तितं."

ते सैनिक आहेत, असं मी म्हणालो.

"मास्तर, तुमी अक्षरं वाचा. देश आमाला बघू द्या की."

मावशींनी सगळी मागणी चेकूकडे नोंदवली. माल आलाच नाही; देशच गिळला गेला. जपानी मणी तोवर इतरांनी उचलले होते. ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं आणि पावसाळ्याआधी मावशींच्या दुकानाला कुलूप लागलं.

मी तावातावानं यांना गाठलं. वाटलं, निदान मान खाली घालतील.

"आमचा अंदाज बरोबर हुता," ते शांतपणे म्हणाले. "देशच चुकला."

इतका निगरगट्ट माणूस मी पाहिलेला नाही. त्यानंतर ते पेठेत दिसले नाहीत.

पुढे एकदा कामानिमित्त वेळापूरला गेलो होतो. मावशी दारोदार बांगड्या विकत होत्या आणि त्यांची पाटी डोक्यावर घेऊन मागून हे चालले होते. एका दारात यांनी पाटी उतरवली. घरच्या सुनेनं एक बांगडी उचलून यांनाच विचारलं, ही टिकंल का?

यांनी बांगडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला त्यातलं कळत न्हाई, बाई. मावशीस्नी इचारा."

माझा टोमणा तयार होता. तो तसाच घेऊन मी माघारी वळलो.