दहापैकी किती?

त्या संध्याकाळी सहाला फोन वाजला, पडद्यावर दादाचं नाव होतं, आणि उचलल्या उचलल्या मी 'आठ' म्हणून टाकलं.  पलीकडून दादाच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "बहनजी, मैं बोल रहा हूँ… भाईसाहब नहीं रहे." चहाला बोलवायला गेले, तर तो खुर्चीत बसल्या बसल्याच गेला होता. हृदय थांबलं. दीड महिना झाला याला. भावाच्या जाण्याची बातमी आली तेव्हा माझ्या तोंडात खोटं होतं, हे काही केल्या मनातून जात नाही.

दादा या हिंदी मुलखातल्या वीज मंडळात इंजिनीअर. मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या, त्या धामधुमीत निवृत्त झाला. मी शाळेत गणित शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. वहिनी गेली, मुलगा परदेशात, म्हणून तो हरिशंकरपुरमच्या फ्लॅटमध्ये एकटा आणि मी दाना ओली नावाच्या जुन्या गल्लीत एकटी. ती गेल्यावर वर्षभरात त्याने जेवण टाकलं, दाढी टाकली, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. गोळ्या लागू पडेनात, तेव्हा सिटी सेंटर भागातल्या मनाच्या डॉक्टरांनी चुंबकाचा उपचार सुचवला. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यात झटक्यात वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र कवटीपार जातं आणि मेंदूच्या पेशींत बारीकसा प्रवाह उठतो. कपाळामागचा डावीकडचा भाग मंदावलाय, त्याला रोज असं जागं केलं की पेशी आपसातल्या जोडण्या हळूहळू नव्याने बसवतात, असं त्यांनी समजावलं. पहिल्या दिवशी ताकद ठरवायला वेटोळं जरा मागे धरून ठोका दिला, तर दादाचा उजवा अंगठा आपोआप उडाला. "मी नाही हलवला," दादा म्हणाला आणि अंगठ्याकडे बघत राहिला. जन्मभर जळालेल्या ट्रान्सफॉर्मरची वेटोळी बदलत आलेला माणूस तो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो कशाकडे तरी नीट बघत होता.

मशीन चालवणारी रजनी नावाची गोड पोरगी होती. सुरू करण्याआधी रोज विचारायची, "अंकल, आज मन कैसा है? दस में से कितना?" दादा कानात बोळे घालता घालता म्हणायचा, "बढ़िया, बेटा. आठ लिख दो." दुसऱ्या आठवड्याअखेर कागद बघून डॉक्टर खूश झाले, आता लवकर आटोपतं घेऊ म्हणाले. इकडे घरी माझी आमटी तशीच गार होत होती. ऑटोत मी त्याला धरलं. "आठ कशाचे रे?"

"ती बिचारी इतकं मन लावून करते. तिला दोन कसं सांगू? खामखा वाईट वाटेल तिला."

आता काय म्हणावं? पण दोष त्याचा एकट्याचा नव्हता. आमच्या घरात वळणच तसं. कोणी कसं काय विचारलं की बाबा हात जोडून 'कृपा आहे' म्हणायचे. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशीसुद्धा भेटायला आलेल्यांना तेच म्हणाले होते. आपलं दुःख दुसऱ्याच्या ताटात वाढायचं नाही, अशी आमची रीत.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोरच मी डॉक्टरांना सांगितलं, "ये झूठ बोल रहे हैं. दो भी नहीं हैं." दादा लाल झाला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. यायचा मात्र मुकाट. पाचव्या दिवशी रजनीने विचारलं तेव्हा डोळे मिटून म्हणाला, "दो." मी बाहेर जाऊन पाण्याच्या मशीनपाशी रडून घेतलं.

उपचार पुरा करायचं ठरलं. चार-पाच सेकंद सुतारपक्ष्यासारखी टकटक, मग अर्धं मिनिट शांतता, पुन्हा टकटक. त्या अर्ध्या मिनिटांत आम्ही बोलायला लागलो. बोळ्यांतूनही माझा मास्तरणीचा आवाज बरोबर पोचायचा. तो वहिनीबद्दल बोलला, पहिल्यांदाच. वाक्य अर्धं झालं की टकटक सुरू व्हायची, तो थांबायचा, आणि पुन्हा तिथूनच उचलायचा… चौथ्या आठवड्यात म्हणाला, "शकू, तुझ्या आमटीत मीठ कमी असतं." मला इतका आनंद झाला की मी त्याच्याशी भांडलेच नाही. आकडा तीनवर गेला, मग पाचवर.

शेवटच्या आठवड्यात एका शांततेत त्याने विचारलं, "आणि तुझे किती?"

"आठ," मी म्हणाले.

टकटक सुरू झाली. मान हलवायची नाही, म्हणून तो नुसते डोळे वळवून माझ्याकडे बघत राहिला. थांबल्यावर म्हणाला, "तूही बाबांचीच." आणि हसला.

उपचार संपल्यावर रोज संध्याकाळी सहाला त्याचा फोन. "किती?" मी आठ म्हणायची. तो मग आपला आकडा सांगायचा, खराखुरा: आज सहा, आज चार, दुपारी वहिनीची साडी सापडली. माझ्या आठवर त्याने परत कधी वाद घातला नाही, पण विचारणं सोडलं नाही. मी एखाद्या दिवशी खरं सांगेन म्हणून वाट बघत होता, हे मला ठाऊक होतं. मी का नाही सांगितलं? तो नुकता कुठे सावरत होता. आणि खरं म्हणजे, मला लाज वाटायची. त्याची टकटक संपली तसं माझं रोज कुठे जाणंही संपलं होतं. सहा आठवडे मी माणसात होते. एकदा तर मनात येऊन गेलं, हा इतक्यात बरा व्हायला नको होता. असं मनात आणणाऱ्या बाईने आपला आकडा काय सांगावा?

गल्लीत आता लोक विचारतात, "कैसी हो, मैडम?" मी म्हणते, कृपा आहे. संध्याकाळी सहाला फोन समोर ठेवून बसते. अर्धं मिनिट होऊ देते.

दोन, दादा.