वायपीनचा बिनविरोध ठराव

दौंडचे मामा रेल्वेत गार्ड होते. त्यांना कुटुंबासाठी वर्षाला मोफत प्रवासाचे पास मिळत. वापरले नाहीत तर ते वाया जात, आणि केवळ या कारणाने आमच्या दोन कुटुंबांना समुद्र दिसला. कन्याकुमारीची गाडी दौंडवरून जाते आणि वाटेत कोची लागतं. आम्ही शिरूरहून एसटीने दौंडला जायचो, मामांच्या क्वार्टरमध्ये जेवायचो, आमची तिकिटं काढायचो आणि सगळे मिळून गाडीत बसायचो. मामा, मामी, त्यांच्या दोन मुली, माझे आईवडील आणि मी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही लागोपाठ तीन उन्हाळे कोचीला गेलो आणि तिन्ही वेळा विलिंग्डन बेटावर मुक्काम केला.

बेट म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं या बेटावर फारसं काही नव्हतं. बंदर खोल करताना निघालेल्या गाळाची भर घालून ते तयार केलेलं होतं. वर गोदामं, कचेऱ्या, मालाचे ट्रक. पाणी दिसायचं, पण मध्ये बहुतेक वेळा जहाज असायचं. तरीही मामांनी ते निवडलं होतं, कारण पुलावरून रूळ थेट बेटावर जात होते आणि शेवटी स्टेशन होतं.

"परमुलखात रूळ सोडायचा न्हाई," असं मामांचं सुट्टीचं धोरण होतं. लॉज स्टेशनला लागून होता. सकाळी अंघोळ करून मामा स्टेशनात जाऊन बसायचे आणि तिथल्या गार्डशी ब्रेकविषयी बोलायचे. सोबत वडील असायचे. वडिलांना हिंदी बरी येत होती, ब्रेकमधलं काही कळत नव्हतं. मामांचं नेमकं उलटं होतं. दोघांचं मिळून एक संभाषण व्हायचं.

मामींची सुट्टी लॉजच्या मागच्या पडवीत जायची. पहिल्याच वर्षी एका खानावळीत मामांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "डोक्याला लावायचं त्याल ही माणसं पोटात घालत्यात," ते म्हणाले. तेव्हापासून दौंडहून बाजरीचं पीठ, बेसन, काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट बरोबर यायचं. गाडीत स्टोव्ह नेणं नियमात बसत नाही आणि मामा नियमाचे पक्के, म्हणून स्टोव्ह लॉजवाल्याकडून घ्यायचा. मामी दोन्ही वेळा सात माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. आई कालवण बघायची. भाकरी आईने केली की मामांना ते पहिल्या घासाला कळायचं आणि ते तसं सांगायचे.

तिसऱ्या वर्षी लॉजवाल्याने विचारलं, तुम्ही दर वर्षी येता, मग वायपीन बेटावर का जात नाही? समोरच्या धक्क्यावरून बोट जाते, तिकडे खरा समुद्रकिनारा आहे, माड आहेत. मुलींनी ताबडतोब हट्ट धरला. मामींनी मासा साफ करता करता मला हाक मारली.

"इचार की त्याला, बोटीत स्टो नेऊ देत्यात का?"

मी विचारलं. लॉजवाला नाही म्हणाला. रॉकेल तर मुळीच नाही.

"बरं झालं," मामी म्हणाल्या आणि मासा उलटा केला. मग आईकडे वळून हळू आवाजात बोलल्या, "वन्सं, लगीन झाल्यापासनं माझी चूल दोन बाळंतपणांतच काय ती चुकली. मला तिथं जायचंय."

"मग सांग की नवऱ्याला," आई म्हणाली.

"समुद्र बघायचाय म्हणून तुम्ही सांगा. स्टोचं काय काढू नका."

मामींना समुद्र बघायचाय, असं आईने मामांना सांगितलं. मामांचं उत्तर अपेक्षित होतं. "पाण्यावर सिग्नल कुठं हाय? बोट चुकली तर?"

"दुसरी येती," आई म्हणाली.

"कवा?"

हे आईला माहीत नव्हतं. मामांनी ते विरोधात धरलं.

इथे वडिलांनी प्रकरण हातात घेतलं. ते आमच्या गावच्या सोसायटीचे माजी संचालक. त्यांच्या काळात सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली होती आणि आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून ते तिचा दाखला देत. मतदानाने माणसं फुटतात, असं त्यांचं मत होतं. घरात पंखा घ्यायचा तरी ते आधी विरोधकाला गाठायचे, चहा पाजायचे आणि त्याला काय हवं ते देऊन माघार घ्यायला लावायचे.

संध्याकाळी खोलीत बैठक बसली. अध्यक्ष वडील, कॉटवर. बाकीचे सतरंजीवर. मामांसाठी चहा आधीच मागवलेला होता.

"पाव्हणं, तुमचा इरोध कशाला हाय ते मोकळं बोला."

"टायमाला."

"टायमाचं समदं तुमच्याकडं. तुम्ही म्हणाल त्या बोटीनं जायचं, तुम्ही म्हणाल त्या बोटीनं यायचं. अजून?"

मामांनी चहा बशीत ओतला. "तिथं माड हायेत म्हणत्यात."

"हायेत की."

"म्हंजी खोबऱ्याचं त्याल."

वडिलांनी कॉटवर मांडी बदलली. गावात अशा वेळी विरोधकाला उपाध्यक्षपद देत. इथे पद नव्हतं. "मग असं करू," ते म्हणाले, "जेवण हितनं बांधून न्यायचं. भाकऱ्या, सुकं, चटणी. पहाटं उठून केलं की झालं. मग तर इरोध न्हाई?"

"मग न्हाई."

वडिलांनी समाधानाने सगळ्यांकडे पाहिलं. "चला, बिनइरोध."

"माझा इरोध हाय," मामी म्हणाल्या.

मामींना बैठकीत मत असतं, हे तोपर्यंत कुणी विचारात घेतलेलं नव्हतं. मामांची बशी हातातच राहिली.

"अगं, सकाळधरनं तुलाच जायचं हुतं ना?" मामा म्हणाले.

"हुतं. आता न्हाई. पहाटं उठून सात माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, त्या डोक्यावर घेऊन बोटीत बसायचं, आन् वाळूत बसून तुम्हास्नी वाढायचं. त्यापरीस ही पडवी काय वाईट हाय?"

"वैनी, तडजोड करावी लागती," वडील म्हणाले.

"तुम्ही केली की दाजी. पिठात हात माझं."

वडिलांनी त्यांनाही चहा देऊ केला. मामींनी तो घेतला आणि विरोध कायम ठेवला. मग वडिलांनी भाकऱ्या निम्म्या करून पाहिल्या, आईने केल्या तर चालतील का ते विचारलं. त्यावर मामांचा जुना विरोध परत आला. एकाला वळवलं की दुसरा उठत होता. शेवटी आईने तोडगा काढला. ज्यांना बाहेरचं जेवण चालतं त्यांनी वायपीनला जावं, ज्यांना चालत नाही त्यांनी स्टोव्हपाशी राहावं. वडिलांना हे पॅनेल फुटण्यासारखं वाटलं, पण दुसरा प्रस्ताव नव्हता.

सकाळी आई, मामी आणि दोघी मुली बोटीत बसल्या. वडिलांना बाहेरचं जेवण चालत होतं. ते मामांना एकटं कसं सोडायचं म्हणून थांबले. मला बोटीत बसायचं होतं, पण वडिलांनी मला गणपूर्तीसाठी ठेवून घेतलं. त्यामुळे वायपीन बेटाचं वर्णन मला करता येत नाही. जी माहिती आहे ती दोन मामेबहिणींकडून आलेली आहे आणि ती एकमेकींशी जुळत नाही.

विलिंग्डन बेटावर त्या दिवशी काय झालं, ते मात्र मी पाहिलं. स्टोव्ह पेटवायला तिघे लागले. वडिलांनी पिठलं केलं. ते कालथ्याने कापावं लागलं. भाकरी मी थापली. बाजरीला किती पाणी लागतं यावर मामांनी मार्गदर्शन केलं, पण त्यांनी ते फक्त आयुष्यभर खाल्लेल्या भाकऱ्यांवरून ठरवलं होतं. भाकरी तव्यावर जाताना फुटली, उलटताना पुन्हा फुटली. दुपारी कुणीच नीट जेवलं नाही. मामा स्टेशनातही गेले नाहीत. धक्क्यावर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक बोटीची वेळ ते घड्याळात बघत होते.

दिवस कलताना चौघी परत आल्या. मुलींचे परकर गुडघ्यापर्यंत ओले होते. मामींनी केसांत गजरा माळला होता आणि त्या पडवीकडे न जाता सरळ खोलीत येऊन कॉटवर बसल्या. आम्ही तिघे उरलेली भाकरी घेऊन जेवायला बसलेलो होतो.

"कसं हाय बेट?" मामांनी विचारलं.

"बसलं की पान मांडत्यात," मामी म्हणाल्या. "वाढत्यात. संपलं की न इचारता आणखी वाढत्यात. उठलं की पान बी त्येच उचलत्यात."

"आन् समुद्र?"

"त्यो बी हाय तिथं."

"खोबऱ्याचं त्याल लागलं न्हाई?"

"लागलं. दोनदा घेतलं मी." त्यांनी आमच्या ताटांकडे एकवार पाहिलं. "उद्या समद्यांनी चला. पीठ हितंच राहू द्या."

वडिलांनी हात धुतला आणि कॉटच्या कडेला, आपल्या जागेवर जाऊन बसले. "कुणाचा इरोध?"

मामांच्या तोंडात माझी भाकरी होती. ती गिळायला वेळ लागत होता. त्यांनी बोट वर केलं, पण तेवढ्यात वडिलांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं.