बाबांचं आभारप्रदर्शन

त्या निवडणुकीत आमच्या गोडदेवच्या बिल्डिंगमधली झाडून सगळी मतं बाबांनी सत्ताधारी पक्षाच्या पदरात टाकली. पक्षाने त्यांना ते काम सांगितलं नव्हतं, चहासुद्धा पाजला नव्हता. पण गिरगावातली चाळ सोडल्यापासून बाबांना श्रोते मिळत नव्हते, आणि निवडणुकीत लोक दार उघडतात.

“मंदीत सरकार बदलणं म्हणजे आजारपणात डॉक्टर बदलणं,” ते दारोदार सांगत.

“डॉक्टरच्या औषधानेच आजार झाला असला तरी?” घरी आईने विचारलं.

“तुला राजकारण कळत नाही.”

बाबा तेव्हा मीरा रोडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, टेपरेकॉर्डरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते. पक्ष जिंकला. बाबांनी पेढे वाटले. मग कंपनीत आधी ओव्हरटाइम गेला, मग कँटीन गेलं, आणि एका सकाळी गेटलाच कुलूप. परदेशी टेपरेकॉर्डर आमच्या मालापेक्षा स्वस्त पडत होते. बाबा डबा घेऊन परत आले आणि पलंगावर बसून तो डबा त्यांनी वेळेवर, साडेबाराला, उघडला. त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, तेवढंच.

आई टेलिफोन खात्यात होती म्हणून घर चाललं. पण बिल्डिंगमध्ये आणखी तिघांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि जिन्यात बाबा दिसले की लोकांना हटकून सरकारची आठवण व्हायची. गोडदेव गावातली मासेवाली तर दारात टोपली उतरवूनच विचारायची, “दादा, तुमचीच मानसं वर बसली हायत ना? मंग जरा इचारा की त्यांना!”

“विचारतो,” बाबा म्हणायचे.

“आन बोंबील?”

“न्हाय,” बाबा तिच्याच भाषेत सांगायचे आणि दार लावून घ्यायचे.

अशात निवडून आलेले साहेब आमच्या गल्लीत उद्घाटनाला आले. उद्घाटन गटाराचं होतं. झेंडूच्या माळा घातलेलं गटार मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सोसायटीचे चेअरमन, तळमजल्यावरचे गुजराती काका, बाबांना म्हणाले, “आभार तुम मानो, भाऊ. तुम्हारा ही आदमी है.”

“वेडंवाकडं काही बोलू नका हं,” आईने बजावलं.

“आभार तर मानायचेत,” बाबा म्हणाले आणि त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

माईक हातात आल्यावर ते आधी थोडे खाकरले.

“साहेबांचे मनापासून आभार. त्यांच्या राज्यात मला दुपारची झोप मिळाली. आमच्या कंपनीच्या गेटला कुलूप मिळालं. आता हे गटार मिळालं, वर झाकणासकट. मी तुम्हाला म्हणालो होतो की हे पुन्हा आले की मंदी जाईल. हे आले. मंदीही इथेच आहे आणि मीही घरीच आहे.” लोक हसायला लागले. मग बाबा साहेबांकडे पाठ करून आमच्याकडे वळले. त्यांचा आवाज बदलला. “पण तुमचे आभार नाही, तुमची माफी मागतो. माझ्या नादाने तुम्ही मतं दिलीत. मी नुसती बडबड केली.”

साहेब इतका वेळ शेजारच्या माणसाच्या कानात बोलत होते. माईकवरचा आवाज थांबताच त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, स्वतःच्या गळ्यातला हार बाबांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “व्वा! असे कार्यकर्ते पाहिजेत.”

चेअरमनकाका हसून हसून नव्या झाकणावरच बसले.

घरी आल्यावर आईने चहा टाकला. “माझी माफी मागू नका. मी त्यांना मत दिलंच नव्हतं.”

“मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही कधी थांबलात बोलायचे?”

पुढे बाबांना केबिन रोडवर मिक्सर आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं. सुपरवायझरकी गेली, पण सोल्डरिंग करताना हाताला चटके बसले की मालकालाच शिव्या देता यायच्या. जिन्यात आता लोक त्यांना थांबवून चहाला बोलवायचे.

पुढच्या निवडणुकीत विरोधी पक्षाची माणसं घरी आली. बाबांच्या त्या भाषणाची ख्याती त्यांच्यापर्यंत पोचली होती. “काका, आमच्या सभेत दोन शब्द बोला.”

“माझे शब्द संपले,” बाबा म्हणाले.

मतदानाच्या दिवशी ते लवकर जाऊन आले. कोणाला दिलं, मी विचारलं.

“गुप्त असतं ते,” ते म्हणाले आणि दुरुस्तीला आणलेल्या पंख्याची कॉइल उलगडत बसले.