गुडघा घरी ठेवून सायकल आणा

बिराजदार बाईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. बाईंच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, यावरून संपादकांशी माझा वाद झाला आणि तो मी जिंकला. सोलापूरच्या कोर्टात वकिली करतो. एवढं तरी जमायलाच हवं.

त्या वेळी माझी चाळिशी उलटली होती, पोट सुटलं होतं आणि रक्तात साखर निघाली होती. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. चालायचा मला कंटाळा, म्हणून हौसेनं गिअरची सायकल घेतली आणि रोज सकाळी होटगी रस्त्याला जाऊ लागलो. पहिल्या महिन्यातच उजवा गुडघा असा धरला की कोर्टाचा जिना चढताना पक्षकारच मला हात द्यायला लागले. तेल झालं, लेप झाला, पट्टा झाला, कुणीतरी दिलेली काळी पुडीही झाली. शेवटी एका मित्रानं जुळे सोलापुरातला पत्ता दिला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, स्वतः सायकल चालवतात, फी घेत नाहीत, त्यांच्याकडे जा, म्हणाला.

मी गेलो. बाई अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. मी गुडघ्याची कैफियत सविस्तर मांडली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि गुडघ्याकडे न बघता विचारलं, "सायकल कुठंय?"

"सायकल घरी आहे. दुखतोय गुडघा."

"मग उद्या गुडघा घरी ठेवा आणि सायकल घेऊन या."

मला राग आला. फी घेत नाहीत म्हणून काय वाटेल ते बोलायचं का, असं मी बोलूनही गेलो. बाई हसल्या, म्हणाल्या, "चहा घ्या आणि जा." चहा घेतला आणि गेलो. दुसऱ्या दिवशी सायकल रिक्षात घालून पुन्हा हजर झालो, कारण गुडघा काही घरी राहायला तयार नव्हता.

बाईंनी मला फाटकाला धरून सायकलवर बसायला सांगितलं आणि लांब उभ्या राहून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाय टेकतात म्हणून सीट खाली ठेवलीय ना?"

होय, तसंच होतं. आमच्याकडे सायकल घेताना दुकानात पहिला प्रश्न हाच असतो, पाय पुरतात का? दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकले की बापही खूश आणि दुकानदारही खूश. माझ्या वडिलांनी माझी पहिली सायकल अशीच घेतली, मी माझ्या मुलाची तशीच घेतली. बाई म्हणाल्या, "अहो वकीलसाहेब, सायकल चालवायला घेतलीत की उभं राहायला? पाय जमिनीला पुरून काय करायचंय, पायडलला पुरले म्हणजे झालं."

त्यांनी सीट वर केली. टाच पायडलवर ठेवायला लावली, पायडल अगदी तळाशी नेलं आणि म्हणाल्या, आता पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप जरासा वाक राहतो, तेवढा हवाच. सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्याला गुडघा फार दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. म्हणून दुखणं पुढच्या बाजूला. फार वर गेली की मागची शीर ओढली जाते आणि दुखणं मागच्या बाजूला. गुडघ्याच्या कडेला दुखत असेल तर आधी पाऊल बघायचं, ते पायडलवर तिरकं पडतंय का. हे सगळं त्या बोलत होत्या आणि मला मात्र खाली पाय टेकत नाहीत म्हणून धडकी भरली होती. फाटक सोडवेना. "सोडा," बाई म्हणाल्या, "मी धरलीय." चाळिशीतल्या, काळा कोट घालणाऱ्या माणसाची सायकल त्यांनी मागून धरली आणि कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत त्या पळत आल्या. कॉलनीतली बायकापोरं गॅलरीत येऊन बघत होती.

दुसरी खोड गिअरची होती. जड गिअर लावून मांड्या फुटेस्तोवर रेटायचं, यात आम्हा पुरुषांना कसला आनंद होतो कोण जाणे. बाई म्हणायच्या, "गिअर म्हणजे मिशी नव्हे, कायम चढवून ठेवायला. हलका ठेवा, पाय भराभर फिरू द्या." शिवाय अंतर एकदम वाढवायचं नाही. आणि घरी रोज एक व्यायाम: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून ती खाली दाबायची, थोडं धरायचं, सोडायचं. सोलापुरात चादरीला काय तोटा! आमच्या घरातल्या आहेराच्या सगळ्या चादरी या कामी आल्या. माझी पत्नी म्हणायची, लोक चादर अंथरतात आणि आमचे हे दाबतात.

पण कोपऱ्यापर्यंतच्या त्या फेरीनंतर बाईंनी मला आधी काही आठवडे सायकल बंद करायला लावली होती. सूज उतरेपर्यंत बर्फ आणि विश्रांती. मी घरात फुरंगटून बसलो होतो. तेव्हा आपल्या सायकलवाल्या मंडळींसोबतची रविवारची फेरी संपवून बाई घामाघूम अवस्थेत आमच्या दारी यायच्या, व्हरांड्यात बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायच्या आणि हिप्परग्याच्या तलावावर आज कोणते पक्षी होते, वाऱ्यानं कुणाची टोपी उडाली, हे रंगवून सांगायच्या. "तुमची जागा कुणाला दिलेली नाही," हे वाक्य उठताना ठरलेलं. नातेवाईक आजारपणात फळं आणतात. बाईंनी मला आख्खा रस्ता आणून दिला. त्याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत, आज मानतो.

बाईंच्या पद्धतीचं मर्म मला दूधवाल्या मारुतीमुळे कळलं. होटगीकडच्या एका गावातून तो रोज शहरात दूध घालायला यायचा. म्हणाला, "बाई, उजवी वाटी लई दुकती बगा. पूल चढताना तर जीव जातोय."

"कॅन कुठं बांधता?"

"दोन डावीकडं, एक उजवीकडं. उजवीकडं साखळी हाय न्हवं? पायात येतंय."

वजन डावीकडे, म्हणून मारुती अंग उजवीकडे टाकून तोल सांभाळायचा आणि उजवा गुडघा वाकडा फिरायचा. बाईंनी दोन बाजूंना एकेक आणि तिसरा मागे कॅरिअरवर बांधून दिला. मी नुकताच शहाणा झालेलो. म्हटलं, "बाई, सीट पण खाली आहे की! वर करतो." पाना घेऊन पुढे झालो, तर बाईंनी माझा हात धरला. मारुतीला विचारलं, "दारोदारी थांबता तेव्हा पाय टेकता?"

"टेकल्याबिगर कसं? दूद सांडल की."

"मग सीट आहे तिथंच राहू दे. पुलाच्या चढाला खाली उतरायचं आणि सायकल धरून चालायचं. त्यात कमीपणा मानायचा नाही."

तो गेल्यावर मी तक्रार केली. मला एक न्याय आणि त्याला दुसरा? बाई म्हणाल्या, "त्यांचं दूध सांडलं तर माझा नियम घेऊन काय चाटायचाय?" पुढे मारुतीचा गुडघा बराच सुधारला. सगळ्यांचाच सुधारला असं मात्र नाही, आणि बाईंनी तसा दावा कधी केला नाही. गुडघा सुजून अडकत असेल, तर "हे माझ्या हातातलं नाही" असं सांगून त्या त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवायच्या आणि पुष्कळदा सोबतही जायच्या.

रविवारच्या फेरीत बाई कायम सर्वांच्या मागे असत. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड. कुणी जोर करायला लागलं की मागून हाक यायची, "निधान! निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मला ते ठाऊक नव्हतं. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. सुरुवातीचे कित्येक रविवार मी खुशीत होतो की बाई मला निधान म्हणतात. लग्नाच्या बायकोनं कधी म्हटलं नव्हतं! एकदा बार्शीचे एक पाहुणे आमच्यासोबत आले. तुळजापूरच्या घाटात मागून हाक आली, तर त्यांनी करकचून ब्रेक दाबला, टोपी काढली आणि गंभीरपणे विचारलं, "कुणाचं निधन झालं?" बाई रस्त्याच्या कडेला बसून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

आता मागून हाक येत नाही. यजमान गेल्यानंतर बाईंचे स्वतःचे गुडघे खूपच बोलायला लागले. वाट्या बदलाव्या लागल्या आणि मुलानं त्यांना बंगळुरूला नेलं. काही शहाणे म्हणाले, बघा, सायकल चालवून चालवून गुडघे घालवले! मला अशा माणसांचा भयंकर संताप येतो. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्या आईनं सायकलला कधी हात लावला नाही, तिचेही गेलेच होते. काही गोष्टी माहेरून येतात हो." ऑपरेशन नीट झालं. व्यायामही त्यांनी मन लावून केला. सपाटीला सायकल चालवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण बाई बसत नाहीत. मी फोनवर वाद घालून पाहिला, चिडून पाहिलं, मिनतवाऱ्या केल्या. त्या विषय बदलतात. तलावाला पाणी किती आहे, विचारतात. मारुती आता चढाला उतरतो का, विचारतात.

आम्ही अजून रविवारी निघतो. सायकली भारी झाल्या आहेत, मनगटावर घड्याळं आली आहेत, आणि कोण किती वेगानं आलं हे घरी पोचायच्या आत सगळ्यांना कळतं. जो मागे पडतो तो मागेच राहतो. त्या दिवशी एक नवीन गृहस्थ घाटात गुडघा धरून बसले होते आणि आमचा घोळका त्यांना ओलांडून गेला. मी परत फिरलो, त्यांच्याजवळ बसलो आणि मला बाईंची इतकी आठवण आली की काय सांगू. त्यांची सीट कशी आहे ते मी बघू शकत होतो. मला ते सगळं येतं. बाईंनीच शिकवलं आहे. पण ते गृहस्थ घाबरले होते आणि त्यांना "मी धरलीय" असं म्हणणारं माणूस हवं होतं. मी तसं म्हणालो. माझ्या आवाजात ते काही खरं वाटेना.

पंच्याहत्तरीनिमित्त बाई सोलापूरला येणार, हे ठरलं तेव्हा आम्ही हुरळून गेलो. मोठं सभागृह घ्यायचं, व्यासपीठ सजवायचं, सगळं पक्कं झालं. परवा हे सांगायला मी फोन केला. बाईंनी सगळं कौतुकानं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "वकीलसाहेब, स्टेजला पायऱ्या आहेत का हो? कठडा असेल ना धरायला?"

तुळजापूरचा घाट हसत चढणाऱ्या बाई. "बघून सांगतो," म्हणालो. आयुष्यभर बोलण्याचीच भाकरी खाल्ली, आणि त्या दिवशी एवढंच बोलता आलं. फोन ठेवला आणि रडलो. पत्नीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली.

बाई, स्टेज रद्द केलंय. पायरी नाही, उंबरठा नाही, असं मैदान बघितलंय. तुमची खुर्ची आमच्याच ओळीत असेल. सायकल चालवा म्हणून यापुढे तुमच्या मागे लागणार नाही. चालवलीत तर आनंद आहे, नाही चालवलीत तरी तुम्ही आमच्या बाईच आहात. देवानं तुम्हाला भरपूर आयुष्य द्यावं आणि ते कठडा न शोधता चालण्याचं द्यावं. समारंभ झाला की लगेच परतीचं तिकीट काढू नका. चार दिवस राहा, बाई. जमलं तर कायमच्याच राहा. तुमच्यावाचून आमचं काही खरं नाही.