समुद्र नसलेल्या देशांचा डबा

"ताई, मी मंगोलिया बोलून राह्यलो…" एवढं बोलून तो थांबला. मी नुकतीच ड्यूटीवरून आले होते, चहाचं आधण ठेवलं होतं. मला वाटलं, झालं, सरांचा फोन लागत नाही म्हणून आता हा मला पिडणार. सुधीरचे विद्यार्थी असेच. त्याचा फोन सदा सायलेंटवर, म्हणून सगळ्यांकडे माझा नंबर. "बोल रे बाबा, काय झालं?" म्हटलं. मग म्हणाला, "सर गेले, ताई. केळझरहून येताना, बसमधेच… मले वाटलं झोपले." मी गॅस बंद केला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स म्हणून माझी हयात गेली. असे फोन मी स्वतः कितीतरी घरी केलेत. सुरुवात कोणत्या शब्दाने करायची, मध्ये किती थांबायचं, हे सगळं आम्हाला पाठ असतं. त्या मुलाला मात्र स्वतःचं खरं नाव सांगायचंही सुचलं नाही, आणि मलाही ते आठवेना. माझ्या धाकट्या भावाच्या मरणाची बातमी मला मंगोलियाने दिली, आणि त्यात मला काही विचित्रसुद्धा वाटलं नाही.

ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांच्यासाठी सांगते. सुधीर वर्ध्याच्या एका कॉलेजात एम.ए.च्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवायचा. तोही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार आणि उन्हाळाभर हरी हरी. त्याच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात चिठ्ठ्या. वर्गाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने एक चिठ्ठी काढायची, तिच्यावर ज्या देशाचं नाव असेल तो दोन वर्षं त्याचा. त्या देशाची बातमी रोज वाचायची, वर्गात त्याच्या बाजूने भांडायचं, आणि हाकही त्याच नावाने. "ए बोलिव्हिया, खिडकी लाव." "लाओस, तुझी उत्तरपत्रिका घेऊन जा." कोणी बदलून मागितला तर म्हणायचा, "शेजारी अन् देश बदलून भेटत नाई, बाप्पा." डब्यात अमेरिका नव्हती, चीन नव्हता. बोलिव्हिया, लाओस, मलावी, पराग्वे, मंगोलिया, सगळे समुद्र नसलेले देश. मी एकदा विचारलं, काऊन रे, समुद्रवाल्यांनी तुझं काय घोडं मारलं? तर म्हणाला, "आपल्या वर्ध्याले तरी कुठं समुद्र हाय? ज्याले समुद्र नाई त्याले शेजाऱ्याशी नीट बोलाच लागते. आमचा विषय एवढाच हाय, ताई. बाकी नुसती पुस्तकं."

आणखी एक नियम होता. मूल चिठ्ठी काढताना डबा घरच्या माणसाने धरायचा. आई, बाप, काका, कोणीही, पण घरचं. एम.ए.ला आलेल्या घोड्याएवढ्या पोरांना आईबापाला घेऊन या म्हणणारा मास्तर जगात दुसरा नसेल. प्राचार्य हसायचे. पण बाया यायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करत डबा दोन्ही हातांनी धरायच्या, आणि आपल्या पोरीने काढलेल्या देशाचं नाव घोकत घरी जायच्या. सुधीर म्हणायचा, घरच्यानं एकदा डबा धरला का पोरगी दोन वर्षं टिकते, मधातच लग्नासाठी काढून नेत नाई. ज्यांच्या घरून कोणीच यायचं नाही त्यांच्यासाठी तो स्वतः धरायचा. अशी पोरं दर वर्षी असायचीच.

त्याला हे सुचलं ते त्याच्या स्वतःच्या वेळेवरून. दिल्लीला एम.ए.साठी त्याचा नंबर लागला तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, "हे शिकून काय होते?" डॉक्टरकी केली तर डॉक्टर होते, नर्सिंग केलं तर नर्स होते. हे शिकून काय होते? सुधीरला उत्तर देता आलं नाही, आणि बाबा स्टेशनवर आले नाहीत. मी गेले होते, ड्रेसवरच, ड्यूटी संपवून. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा राहून हसत होता आणि मी रडत होते. मग पुष्कळ वर्षं आम्ही त्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली. परराष्ट्र सेवेची परीक्षा दिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचला, तिथून परत. मग दिल्लीत एका संशोधन संस्थेत कराराची नोकरी, करार संपला की दुसऱ्या संस्थेत दुसरा करार. शेजारच्या बाया विचारायच्या, भाऊ काय करतो हो? मी म्हणायचे, परदेश खात्याचं काहीतरी असतं. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा तो गाशा गुंडाळून परत आला, बाबांचं सगळं केलं, आणि ते गेल्यावर इथेच राहिला. लग्न राहून गेलं. कायम नोकरीची जाहिरात आज निघेल, उद्या निघेल करता करता केस पिकले. मी चिडत होते त्याच्यावर, आणि खरं सांगू का, अजूनही चिडलेलीच आहे. रक्तदाबाची गोळी घेतली का विचारलं की म्हणायचा, "बोलणी चालू हायेत." आता काय बोलणी करतोस, बाबा…

तो मात्र कधी चिडला नाही. कापसाच्या दिवसांत मुलांना घेऊन बाजार समितीच्या आवारात जायचा, ढिगाऱ्याजवळ उभं करायचा आणि विचारायचा, सांगा, हा कापूस कुठं जाईल, अन् तिथलं सरकार पडलं तर इथं काय होईल? माझी रेणू शाळेत होती तेव्हापासून मामाच्या मागे मागे तिथे जायची, कपाळाला कापसाचे तंतू चिकटवून घरी यायची. मंगोलिया त्या आवारातूनच वाटेला लागला. आता नागपूरला एका निर्यातीच्या कंपनीत आहे, बांगलादेशच्या गिरणीवाल्यांशी तोच बोलतो. लाओस एका वर्तमानपत्रात परदेशच्या बातम्या बघते. एकजण दिल्लीत निर्वासितांच्या संस्थेत आहे. कारंज्याकडच्या रानातली एक गोंड मुलगी, तिला पराग्वे आला होता. त्या देशात तिथल्या मूळच्या लोकांची भाषा बहुतेक सगळेच बोलतात, हे कळल्यावर ती म्हणे दोन दिवस वर्गात सगळ्यांना तेच सांगत होती. पुढे ती कुठल्याशा आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलायला गेली आणि पहिली दोन वाक्यं गोंडीत बोलली. तो व्हिडिओ सुधीरने मला माझ्याच स्वयंपाकघरात इतक्यांदा दाखवला की माझी भाजी करपली. पण सगळ्यांचं असं झालं नाही, हेही तोच सांगायचा. बोलिव्हियाचं हिंगणघाटला मोबाइलचं दुकान आहे. मी म्हटलं, मग त्याच्या एम.ए.चा काय उपयोग झाला? म्हणाला, "दुकानासाठी काहीच नाई. पण अजून रोज बोलिव्हियाची बातमी वाचते थो. तू टीव्हीवरच्या सासवा पाह्यतं, त्याचा काय उपयोग होते व?"

आणि मग हे आमच्याच घरात आलं. यंदा रेणू बी.ए. झाली, प्रवेशपरीक्षा दिली, आणि दिल्लीला नंबर लागला. विषय अर्थातच मामाचा. तिचे बाबा रेल्वेत आहेत, ते म्हणाले, तू ठरव. मी ठरवलं होतंच. आमच्या घरात एकाने हे शिकून बघितलं, पुरे झालं. रेणूने बी.एड. करावं, जवळपास नोकरी बघावी. मला माझ्या मुलीचं आयुष्य वेटिंग लिस्टवर टाकायचं नव्हतं. मला वाटलं सुधीर येऊन भांडेल. तो काही आला नाही. दुसऱ्यांच्या आईबापांना समजवायला गावोगाव एस.टी.ने हिंडणारा हा माणूस स्वतःच्या भाचीसाठी तोंडातून शब्द काढेना. शेवटी मीच विचारलं, का रे, माझ्या घरी येऊन बोलायला काय झालं? म्हणाला, "लोकायच्या घरी मी मास्तर म्हणून जातो, ताई. तुह्या घरी मी नमुना हाओ."

त्यानंतरच्या रविवारी तो जेवायला आला. हातात पिशवी, पिशवीत तो डबा. मी भाकरी थापत होते. डबा ओट्यावर ठेवून म्हणाला, "रेणूसाठी धरशील का?" म्हटलं, माझे हात पिठाचे आहेत. "धुऊन घे ना." म्हटलं, नाही धुवायचे मला. रेणू दारात उभी होती, ती आत निघून गेली. सुधीर हसला, पाट ओढून बसला, झुणक्याशी दोन भाकरी खाल्ल्या, वरून ताक प्यायला. जाताना डबा तिथेच ठेवला. "राहू दे इथं. माह्या वेळी स्टेशनवर तूच आलती, मी इसरलो नाई." मी फाटकापाशी गोळीचं विचारलं, त्याने तेच उत्तर दिलं. त्या आठवड्यात सुट्टीवर आलेल्या मंगोलियाला सोबत घेऊन तो केळझरला गेला, तिथल्या एका मुलीला असंच दिल्लीला जायचं होतं आणि तिचा बाप अडून बसला होता. परत येताना बस सेलूच्या पुढे आली तेव्हा माझा भाऊ खिडकीला डोकं टेकून गेलेला होता.

तेरवीला माणसं मावेनात. ओळीने येऊन माझ्या पाया पडत आणि सांगत, ताई, मी लाओस. ताई, मी नेपाळ. आमची म्हातारी मावशी कानाशी लागून म्हणाली, "अव माय, एवढे फॉरेनचे लोकं कुठून आले व?" मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले, आणि मग जी रडले ती आवरेना. डबा मी फडताळाच्या वरच्या फळीवर टाकून दिला होता. रेणूने दिल्लीचं नाव काढणं सोडलं होतं. बी.एड.चा अर्ज तिने मुकाट्याने भरला, मी न सांगता. तिने भांडावं असं मला वाटत होतं. घरात इतकी शांतता मला सोसत नव्हती. दवाखान्यातून यायचं, दोन घास खायचे, पंख्याकडे बघत पडायचं. दमले होते, दुसरं काही नाही.

असंच एका दुपारी फोन आला. "नमस्कार ताई, मी केळझरहून बोलून राह्यलो. सर माह्या घरूनच निघालते त्या दिवशी. चहा घ्या म्हटलं तर बस जाईन म्हणे…" मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही, भाऊ, त्याचं हृदय कधीचं थकलेलं होतं. मग तो म्हणाला, "मी सरले इचारलं होतं, हे शिकून काय होते? तं त्यायनं तुमचा नंबर देला. म्हणे माह्या बहिणीले इचारा, तिच्या घरात एकजण हेच शिकला. आता असं इचारू नोये, पण प्रवेशाची तारीख आली जवळ."

बघा, काय माणूस होता! माझ्याशी एका शब्दाने न भांडता मेला, आणि मेल्यावर उत्तर द्यायला मला उभं केलं. मला सांगता आलं असतं, नका पाठवू. तेच सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण निघालं ते वेगळंच. मी सांगितलं, लवकर काही होत नाही, भाऊ. नोकरी मिळेलच असं नाही, मिळाली तरी टिकेलच असं नाही. माझ्या भावाला शेवटपर्यंत कायम नोकरी लागली नाही. पण तो रोज सकाळी उठून कामाला असा जायचा की मला हेवा वाटायचा. मी इतकी वर्षं नोकरी केली, माझा पगार एक दिवस चुकला नाही, आणि मी कामाला जाताना तशी कधी गेले नाही. तो माणूस ऐकत होता. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तुमी धाडून राह्यल्या का तुमच्या पोरीले?"

रेणू समोर बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. मी म्हटलं, "हो. धाडतो आहोत."

फोन ठेवला. नळाखाली हात धुतले, ते स्वच्छच होते तरी धुतले. स्टुलावर चढून डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. मग मी तो दोन्ही हातांनी धरला, आणि रेणू म्हणाली, "आई, जरा खाली धर." म्हटलं, तू काढ गुमान. मलावी निघाला.

केळझरची मुलगी आणि रेणू एकाच गाडीने गेल्या. आम्ही दोन्हीकडचे सगळे स्टेशनवर होतो, तिचा बापही. तिकडच्या विद्यापीठात असली चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, पण रेणूने देश ठेवलाय. परवा फोन आला, "आई, मी मलावी बोलतेय." त्या दिवसापासून फोनवर देशाचं नाव ऐकलं की माझा हात आधी गॅस बंद करायला जातो, तसा गेला. मग म्हटलं, बोल मलावी, जेवलीस का?

तिला पुढे काय होईल, मला माहीत नाही. मी निर्धास्त झाले आहे असंही नाही, मलावीच्या बातम्यांच्या आधी मी आजही नोकरीच्या जाहिराती बघते. डबा आता ओट्यावरच असतो, मिठाच्या बरणीशेजारी. काल मंगोलियाचा फोन होता. सुधीरचे तास आता दुसऱ्या एका मॅडमकडे गेलेत, सरांची पद्धत चालू ठेवू का, असं त्या विचारतात म्हणे. मंगोलिया चाचरत म्हणाला, डबा तर तुमच्याकडे हाय, अन् दोन पोरं अशी हायेत, ताई, ज्यायच्या घरून कोणीच येणार नाई…

म्हटलं, घेऊन ये त्यांना. मी हात धुऊन ठेवते.